बिनलेबलचे तेवीस तुकडे

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

पेटी उघडली. वीजलाइनच्या उघड्या, अनेक तारा पिळून केलेल्या ॲल्युमिनियम कंडक्टरचे २३ तुकडे, प्रत्येक दोन-अडीच मीटरचा. लेबलं सुतळीनं बांधलेली होती. निम्मी गळून तळाशी पडली आहेत, उरलेल्यांवरची शाई उडाली आहे. एका लेबलवर ‘एए’ स्पष्ट दिसतं, पुढे डाग, मग ‘सी’. डागाखाली तिसरा ‘ए’ आहे की नाही, यावर अख्खा प्रकार बदलतो. बोलताना आम्ही एएसीला (सगळ्या तारा शुद्ध ॲल्युमिनियमच्या) ‘डबल ए’ आणि एएएसीला (सगळ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) ‘ट्रिपल ए’ म्हणतो, त्यामुळे घोळ होत नाही. कागदावर मात्र होतो.

हे काम अंगावर घेतलं त्याचं कारण गेल्या महिन्यातली जॉइंटची सराव-चाचणी. सात तारांच्या एका कंडक्टरवर एएसीची स्लीव्ह, म्हणजे जोडणीची नळी, दाबली आणि तुटेपर्यंत ओढायचं ठरवलं. जॉइंट नीट दाबला असेल तर तार स्लीव्हच्या बाहेर तुटते. इथे काही तुटलंच नाही. कंडक्टर स्लीव्हमधून सावकाश सरकत बाहेर आला, आणि तोही एएसीच्या ताकदीपेक्षा बऱ्याच जास्त भारावर. तेव्हाच खटकायला हवं होतं. जाडी तीच म्हणून स्लीव्ह बसली, पण आत होता एएएसी, म्हणजे जवळपास दुप्पट ताकदीचा. रजिस्टरवर विश्वास ठेवला तो मीच.

तर आता ठरवलं: प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि चाचणी होईपर्यंत ‘प्रकार’ हा रकाना रिकामा. नजरेनं ओळखून कुणीही काही लिहायचं नाही. मीसुद्धा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजचं काम फक्त टोकं साफ करून तारा मोजणं. सोपं वाटलं होतं.

कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना आधी बाइंडिंग वायर आवळायची, नाहीतर तारा पीळ सोडून फुलासारख्या उघडतात. हे सगळ्यांना माहीत असतं. पण कशानं कापता, यानंही फरक पडतो हे आज डोळ्यांनी पाहिलं. ३ नंबरचा तुकडा माझ्या मदतीला असलेल्या काकांनी मोठ्या कटरनं कापला. टोक चेपलं, मऊ ॲल्युमिनियम मधल्या तारेवर ओघळल्यासारखं पसरलं, आणि कापलेला चेहरा सगळा एकसारखा चंदेरी दिसला. सात तारा, सगळ्या ॲल्युमिनियमच्या, असंच कुणीही म्हणालं असतं. तेच टोक हॅकसॉनं दोन सेंटिमीटर मागे कापलं, कानशीनं घासलं, तर मधली ‘तार’ ही एक तार नव्हतीच. करड्या रंगाच्या सात बारीक तारा एकमेकींना बिलगून बसलेल्या. बाहेरची प्रत्येक तार ४.७२ मिमी, आतली १.५७. तीन बारीक तारा ओळीत ठेवल्या की ४.७१ होतात, म्हणजे तो सात तारांचा जुडगा बाहेरून बरोबर एका जाड तारेएवढा. चेपलेल्या टोकात तो लपणारच.

मोजणीचा हिशेब लिहून ठेवते. एकाच जाडीच्या तारा गोल रचल्या की मधे १, मग ६, मग १२, १८, २४. प्रत्येक थरात सहा वाढतात. म्हणून एकूण आकडे येतात ७, १९, ३७, ६१. तुकडा न उघडता फक्त बाहेरच्या थरातल्या तारा मोजल्या तरी एकूण आकडा सांगता येतो, अट एवढीच की सगळ्या तारा एका जाडीच्या हव्यात. दोन जाड्या दिसल्या तर हा हिशेब लागू नाही. बाहेर १६, आत १० आणि कोर ७ बारीक तारांचा, ही २६/७ची रचना. ज्यात जाडी बदलते, त्यात बहुतेक वेळा पोलाद असतंच.

उलट मात्र खरं नाही. सगळ्या तारा एकाच जाडीच्या आहेत म्हणून पोलाद नाही, असं मुळीच नाही. ३७ तारांचा कंडक्टर एएसी असू शकतो, एएएसी असू शकतो, बाहेर ३० शुद्ध आणि आत ७ मिश्रधातूच्या असा एसीएआर असू शकतो, किंवा आत ७ पोलादी असा एसीएसआर. मोजून हाती आकडा येतो, प्रकार नाही.

एक विचित्र गोष्ट. १४ नंबरच्या तुकड्याचा वरचा पीळ डावा आहे. एकाआड एक थर उलट दिशेनं पिळलेले असतात आणि सर्वात बाहेरचा थर सहसा उजवा असतो. बाकी २२ तुकडे उजवे. याच्याकडे नंतर बघू.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चुंबकाचा दिवस.

पहिल्यांदा कपाटाला चिकटवायचं साधं चुंबक घेतलं. ६१ तारांच्या २ नंबरच्या तुकड्यावर ते ढिम्म. कारण सरळ आहे: तार ३.५३ मिमीची, पोलादाच्या वर ॲल्युमिनियमचे तीन थर, म्हणजे चुंबक आणि पोलाद यांच्यात साडेदहा मिलिमीटरचं अंतर. मग छोटं निओडायमियम चुंबक हातभर दोऱ्याला टांगलं आणि कंडक्टर बाजूनं हळूच जवळ नेला. आता ते स्पष्ट झुकलं. हातात चुंबक धरून ‘ओढ जाणवते का’ म्हणण्यापेक्षा टांगलेलं चुंबक फार प्रामाणिक. हाताला जे हवं असतं ते जाणवतं.

निकाल: १२ तुकड्यांनी चुंबक ओढलं, ११ नी नाही. जेवायच्या सुट्टीनंतर ९ नंबरचा तुकडा पुन्हा घेतला, कारण तो तोलायला फारच हलका लागत होता. चुंबक ओढत होती ती माझीच बाइंडिंग वायर. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेनं टोक बांधलेलं! ती सोडली आणि चुंबक शांत. आता ११ आणि १२. पुढे बांधणीसाठी ॲल्युमिनियमचीच तार वापरायची.

२३ नंबर वेगळाच. त्याच्या तारा गोल नाहीत, कापलेल्या केकच्या फोडींसारख्या समलंबी आहेत आणि एकमेकींत घट्ट बसलेल्या. मधे एकसंध दांडा, कार्बन तंतूंचा, त्यावर काचतंतूंचं आवरण. चुंबक ढिम्म. पण म्हणून याला ‘पूर्ण ॲल्युमिनियम’ म्हणालो तर फजिती. चुंबक हलत नाही याचा अर्थ ‘चुंबकाला ओढणारं काही नाही’, एवढाच. आणि ते हललं तरी बाहेरच्या तारा शुद्ध की मिश्रधातूच्या, हे त्यातून कळत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

चुंबक ओढणारे ११ तुकडे आज उघडले.

बहुतेकांचे कोर अपेक्षेप्रमाणे: जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद, मंद करडं. १७ नंबरनं मात्र थांबवलं. कोरच्या सातही तारा बाहेरच्या तारांसारख्याच चंदेरी. चुंबक तर घट्ट चिकटतंय. काका म्हणाले, “मॅडम, ॲल्युमिनियमला चुंबक लागायला लागलं की काय आता?” कानस लावली. पहिले दोन-तीन घाव मऊ गेले, पांढरट कीस पडला, मग एकदम कानशीचा आवाज बदलला, करकरीत झाला, आणि खाली गडद रंग दिसला. हे ॲल्युमिनियम चढवलेलं पोलाद. यात ॲल्युमिनियम जस्तासारखं मायक्रॉनमध्ये मोजत नाहीत. ३ मिमीच्या तारेवर साधारण ०.२ मिमी थर बसतो, तारेच्या छेदाचा चौथा हिस्सा.

खात्रीसाठी मोरचुदाच्या द्रावणाचा एक थेंब कानसलेल्या जागेवर सोडला. पोलादावर तांब्याचा लालसर मुलामा लगेच उमटला, शेजारच्या ॲल्युमिनियमवर काही नाही. जस्ताच्या तारेवर हाच थेंब काळा पडतो. तीन धातू, एक थेंब. शाळेतली रसायनशास्त्राची बाटली इतक्या वर्षांनी कामाला आली.

दुसरी भानगड मऊपणाची. १६ नंबरची बाहेरची तार बोटाला गुंडाळली तर तशीच राहिली, अजिबात उसळली नाही. साध्या एसीएसआरची तार अर्धी तरी उलगडते. हा एसीएसएस: तारा कारखान्यातच तापवून मऊ केलेल्या, भार जवळपास सगळा पोलादावर. ओढून कडक केलेल्या ॲल्युमिनियमची ताणशक्ती १६० ते २०० मेगापास्कल असते, मऊ केलेल्याची ६० ते ९५. तापमानाचा हिशेबही निराळा. एसीएसआर नव्वदेक अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ चालवला की त्याचं ॲल्युमिनियम ताकद गमावू लागतं. एसीएसएसमधल्या ॲल्युमिनियमकडे गमावण्यासारखं काही उरलेलंच नाही, म्हणून तो २०० अंशांच्या पुढेही चालतो. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा समजून झोळ (दोन खांबांमधली तारेची लोंबण) धरला तर सगळं गणित चुकतं.

६ नंबरही मऊ लागला आणि मी ‘एसीएसएस’ म्हणून मोकळी होणार होते. काकांनी तुकड्याचं दुसरं टोक हातात दिलं. ते कडक! एकाच तारेचं एक टोक मऊ, दुसरं ताठ. कारखान्यात मऊ केलेली तार सगळीकडे सारखी मऊ असते. हा तापलेला, कदाचित सैल जॉइंटशेजारचा, साधा एसीएसआर. मऊपणा तपासायचा तो दोन्ही टोकांना, हे आज शिकले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चुंबकाला दाद न देणारे ११ तुकडे उरले (२३ नंबर सोडून). इथेच खरी कसोटी, कारण एएसी आणि एएएसी यांच्यात रंग, वजन, तारांची संख्या कशातच फरक नाही. एक ९९.५ टक्के शुद्ध ॲल्युमिनियम, १३५० क्रमांकाचं. दुसऱ्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, प्रत्येकी एक टक्क्याच्या आत, ६२०१ क्रमांकाचा मिश्रधातू. घनता २.७० आणि २.६९. हा फरक कुठल्या काट्यावर पकडणार?

पकडायचा तो रोधातून. शुद्ध ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या मानकाच्या ६१ टक्के, ६२०१ची ५२.५. म्हणजे त्याच मापाच्या तारेचा रोध सुमारे १६ टक्के जास्त. दणदणीत फरक आहे.

बाक असा जमवला: एक तार सोडवून सरळ केली, बरोबर १२०० मिमी कापली. दोन्ही टोकांना करंटच्या क्लिपा, त्यांच्या आत बरोबर १ मीटर अंतरावर दोन धारदार पट्ट्या, त्यांच्यावर मिलिव्होल्टमीटर. करंट १० अँपिअर, डीसी. करंटच्या क्लिपा आणि व्होल्टेजच्या पट्ट्या वेगळ्या असल्यामुळे क्लिपांपाशी पडणारा व्होल्टेज मोजणीत येत नाही. तार सरळ करताना हातोडी नको, लाकडाच्या दोन ठोकळ्यांमधून ओढायची. आणि अख्खा कंडक्टर मोजायच्या भानगडीत पडायचं नाही. तारा एकमेकींना कुठे टेकतात, कुठे ऑक्साइडनं तुटतात, याचा भरवसा नाही. एक तार, मोकळी केलेली.

पहिलं वाचन घेतलं, करंटची दिशा उलटी केली, आकडा थोडा बदलला. वेगवेगळे धातू टेकतात तिथे तापमानाच्या फरकानं सूक्ष्म व्होल्टेज तयार होतो. म्हणून दोन्ही दिशांची सरासरी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मायक्रोमीटरनं छळलं. रोधावरून धातू ओळखायचा तर छेदाचं क्षेत्रफळ हवं, त्यासाठी व्यास हवा. ४ नंबरची तार एका जागी ३.३५, दुसरीकडे ३.३१, जिथे शेजारच्या तारेनं दाबून खळगा पाडलाय तिथे ३.२८. व्यासातला हा फरक दोन टक्क्यांचा, पण क्षेत्रफळात तो चार टक्के होतो. कोणता आकडा धरायचा? एएसी आणि एएएसीमधलं सोळा टक्क्यांचं अंतर यातही निभावतं. पण मधल्या वाहकतेचे मिश्रधातू आहेत, ५९ टक्क्यांचे. त्यांच्यात आणि शुद्धात फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. तिथे मायक्रोमीटर आंधळा.

रात्री घरी जाताना सुचलं, आणि इतकं साधं की आधी का नाही, असं वाटलं. तार जाड झाली की रोध कमी होतो आणि वजन त्याच प्रमाणात वाढतं. मग एका मीटरचा रोध गुणिले एका मीटरचं वजन केलं तर जाडी गणितातून निघूनच जाते! उरतो तो फक्त धातू. मायक्रोमीटर कपाटात.

मिलिओहम आणि ग्रॅम धरले, तापमान २० अंशांवर आणलं, तर गुणाकार असा यायला हवा: शुद्ध ॲल्युमिनियम ७६.४, ५९ टक्क्यांचा मिश्रधातू सुमारे ७९, आणि ६२०१चा ८८.३.

४ नंबर: १२०० मिमीचं वजन २८.४ ग्रॅम, म्हणजे मीटरला २३.६७. व्होल्टेज ३३.४२ आणि उलट दिशेनं ३३.३०, सरासरी ३३.३६ मिलिव्होल्ट. खोली २८.५ अंश. दुरुस्ती करून रोध ३.२२५ मिलिओहम. गुणाकार ७६.३.

५ नंबर: दिसायला जुळा भाऊ. वजन २८.३ ग्रॅम, मीटरला २३.५८. व्होल्टेज ३८.४६. रोध ३.७३२. गुणाकार ८८.०.

काकांना दोन्ही तारा शेजारी ठेवून दाखवल्या. त्यांनी दोन्ही वाकवल्या, कानाशी नेऊन टिचकी मारली, पुन्हा वाकवल्या. “ही जरा खमकी आहे,” म्हणाले, आणि ५ नंबर उचलला. बरोबर. मिश्रधातूची तार वाकवायला जोर लागतो आणि सोडली की जास्त उसळते. जुळी तार शेजारी असेल तर हात हे सांगतो. एकटी तार हातात दिली तर मी तरी पैज लावणार नाही.

एक गमतीचा पेच: तापमानाची दुरुस्ती करायला गुणांक लागतो, शुद्धाचा अंशाला ०.००४०३, मिश्रधातूचा ०.००३६. म्हणजे धातू ओळखण्यासाठी आधी धातू माहीत हवा! साडेआठ अंशांच्या फरकात यानं अर्ध्या टक्क्याहून कमी चूक होते, म्हणून चालतं. कडक उन्हात, तापलेल्या तारेवर मोजलं तर मात्र ही चूक वाढत जाईल. मोजणी सावलीतच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चूक. शाईनं लिहिलेली, म्हणून खोडताही येत नाही.

८ नंबर, ३७ तारा, चुंबक शांत, बाहेरच्या तारेचा गुणाकार ७६.१. मी ‘प्रकार’ रकान्यात एएसी लिहून टाकलं. दुपारी काका तुकडे रचताना म्हणाले, “मॅडम, मधली तपासली का?” मी म्हटलं, सगळ्या सारख्याच तर दिसतायत. ते काही बोलले नाहीत. म्हणून तपासली. ८८.२.

मधल्या सातही मिश्रधातूच्या, बाहेरच्या तीस शुद्ध. एसीएआर. नावातच आहे, ॲल्युमिनियमला मिश्रधातूचा आधार. आणि मी तेरा तारखेपासून प्रत्येक तुकड्याची एकच, बाहेरची, सोडवायला सोपी तार मोजत होते. अख्ख्या तुकड्याचं वजन केलं असतं तरी पत्ता लागला नसता, घनता सारखीच.

सगळे बहुथरी तुकडे पुन्हा काढले. १२ नंबर, १९ तारा: बाहेरच्या बारा ७६, आतल्या सात ८८. हाही एसीएआर. १८ नंबरनं तर कहर केला. बाहेरचा थर शुद्ध, कोर मिश्रधातूचा, आणि मधल्या बारांच्या थरातली पहिली तार ७६.५. झालं, ३०/७, असं म्हणणार तोच शेजारची तार सहज लावली, ८८.१. एकाच थरात सहा या, सहा त्या. २४ शुद्ध आणि १३ मिश्रधातूच्या, अशी रचना करतात. ‘प्रत्येक थरातली एक तार’ हा सकाळीच केलेला नियम संध्याकाळी मोडीत. आता नियम: प्रत्येक थरातल्या लागून असलेल्या दोन तारा, आणि मधली.

काकांना विचारलं, मधलीच तपासावी असं का वाटलं. म्हणाले, “तार तुटते तेव्हा सगळ्यात शेवटी मधली तुटते. मग तिलाच आधी विचारावं.” याला शास्त्र म्हणता येणार नाही, पण तुकडा सुटला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाच तारखेचा डावा पीळ, १४ नंबर. उघडला: बाहेर १२ ॲल्युमिनियम, आत ७ पोलाद, सगळ्या २.७९ मिमीच्या, एकूण व्यास १३.९५. ब्रिटिश कोष्टकात ही रचना जशीच्या तशी आहे, नाव ‘हॉर्स’. सगळं तंतोतंत जुळतंय, पीळ सोडून. मग बाहेरच्या तारांवर भिंग धरलं. तिरक्या खुणांच्या रांगा, ठरावीक अंतरावर. या तारांच्या वर आणखी एक थर होता, त्याच्या दाबानं पडलेल्या खुणा. वरच्या १८ तारा कुणीतरी कधीतरी सोलून नेल्या असणार, बांधायला चांगल्या पडतात. त्या परत घातल्या की होतात ३० ॲल्युमिनियम आणि ७ पोलाद, २.७९च्याच, व्यास १९.५३. तो ‘लिंक्स’. सोललेला लिंक्स म्हणजे मापानं हुबेहूब हॉर्स. फक्त पिळाची दिशा खोटं बोलत नाही.

नावांबद्दल लिहूनच टाकते, कारण नाव कळलं म्हणजे प्रकार कळला, असं वाटतं आणि ते अर्धंच खरं आहे. ब्रिटिश पद्धतीत एसीएसआरला प्राण्यांची नावं, एएसीला कीटकांची, एएएसीला झाडांची. अमेरिकी पद्धतीत एसीएसआर म्हणजे पक्षी, एएसी म्हणजे फुलं, एएएसी म्हणजे शहरं. कोष्टक कोणत्या देशाचं ते माहीत असेल तर नावाच्या जातीवरून प्रकार कळतो, ही सोय चांगली. पण उलटा प्रवास, म्हणजे व्हर्नियर लावून माप घ्यायचं आणि कोष्टकात नाव शोधायचं, तो धोक्याचा. हॉर्स १३.९५ मिमी, एसीएसआर. ओक ४.६५ मिमीच्या ७ तारांचा, व्यास १३.९५ मिमी, एएएसी. डॉग १४.१५ मिमी, एसीएसआर (३ नंबरचा तुकडा हाच, चेपलेल्या टोकाचा). तिघांत मिळून ०.२ मिमीचा फरक. मळ आणि ओरखडे धरले तर तेवढं व्हर्नियरनंच खाल्लं. डॉग आणि ओक तर बाहेरून मोजले तरी दोघांच्याही सहाच तारा. इथे काटा मात्र कामाला येतो: डॉग किलोमीटरला ३९४ किलो, ओक सुमारे ३२५. मीटरभर तुकड्यात जवळपास ७० ग्रॅमचा फरक, भाजीच्या तराजूवरही कळेल.

शिवाय क्षेत्रफळाचा गोंधळ. डॉगला कुणी १०० म्हणतं, कुणी ६५. पहिला आकडा ॲल्युमिनियमच्या छेदाचा, दुसरा तेवढंच काम करणाऱ्या तांब्याचा. नुसतं ‘शंभरचा कंडक्टर’ असं मागवणाऱ्याला देवच वाचवो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

११ नंबरचा गुणाकार ७८.९. ना शुद्ध, ना ६२०१. ५९ टक्क्यांचा मिश्रधातू म्हणून लिहिणार होते, पण आठ नंबरच्या शाईनं हात आखडला.

तेवढ्यात २० नंबरनं शंकेला पुरावा दिला. हा एसीएसआर, बाहेरून धड. उघडला तर थरांमध्ये पांढरी पूड गच्च भरलेली. कोरवरचं जस्त संपलं, पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात थेट भिडले, आणि ॲल्युमिनियम आतून झिजत गेलं. बाहेरच्या तारांची आतली बाजू पोखरलेली. घासून, पूड झाडून तारा मोजल्या: ७७.२, ८०.६, ८४.१. धातू तर एकच आहे!

थोडा विचार केल्यावर उलगडलं. गुणाकारातून जाडी निघून जाते ती तार सगळीकडे सारखी जाड असेल तरच. जागोजागी खड्डे असले की अरुंद जागा रोध जितका वाढवते तितकं वजन कमी करत नाही, म्हणून गुणाकार वर सरकतो. कधी खाली नाही, नेहमी वर. म्हणजे पोखरलेली शुद्ध तार मिश्रधातूचं सोंग घेऊ शकते. माझ्या लाडक्या पद्धतीतलं हे भोक मला उशिरा दिसलं.

यातून सुटका: एकाच तुकड्याच्या चार-पाच तारा मोजायच्या. गंजानं झालेली वाढ प्रत्येक तारेत वेगळी असते, धातूमुळे झालेली सगळ्यांत सारखी. ११ नंबरच्या पाच तारा: ७८.८, ७९.०, ७८.९, ७९.१, ७८.८. तारा गुळगुळीत, वाकवायला शुद्धपेक्षा खमक्या. आता लिहिलं, ५९ टक्क्यांचा मिश्रधातू.

उरलेल्या चुंबकवाल्या तुकड्यांच्या बाहेरच्या ॲल्युमिनियम तारांवरही हाच गुणाकार लावला. २२ नंबर ८८.४ निघाला. पोलादाभोवती मिश्रधातूच्या तारा, म्हणजे एएसीएसआर. चुंबकाच्या दिवशी तो एसीएसआरच्या ढिगात बसला होता, आणि तिथेच राहिला असता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लाइनवरच्या मुलांचा प्रश्न: खांबावरचा कंडक्टर न कापता ओळखता येतो का? अंदाज करता येतो. दुर्बिणीतून जॉइंट बघा. एसीएसआरच्या जॉइंटमध्ये कोरसाठी पोलादी स्लीव्ह आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची लांब स्लीव्ह असते. एएसी-एएएसीला एकच, आखूड. टोकाला तांबूस ओघळ असेल तर आत पोलाद. पण हे सगळे अंदाजच, आणि स्लीव्ह चुकीची दाबलेली असू शकते, हे आम्हीच गेल्या महिन्यात सिद्ध केलं आहे. पक्कं उत्तर लाइन बंद करून, तपासून, अर्थिंग करून, तुकडा खाली आणल्यावरच. चालू लाइनखाली काठीला चुंबक बांधून उभं राहायची कल्पना एकानं मांडली. त्याला बाक झाडायला लावलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रजिस्टर पूर्ण. एसीएसआर ९ (त्यात १७ ॲल्युमिनियम चढवलेल्या पोलादाचा, ६ तापलेला, १४ सोललेला, २० गंजलेला), एसीएसएस १, एएसीएसआर १, एएसी ३, एएएसी ४, एसीएआर ३, ५९ टक्क्यांचा मिश्रधातू १, कार्बन कोरचा १. तेवीस जुळले.

सराव-चाचणीतला तो सरकलेला जॉइंट अजून कपाटात होता. त्याची एक तार सोडवून बाकावर लावली: ८७.९. मग त्याच कंडक्टरच्या उरलेल्या तुकड्यावर एएएसीची लांब स्लीव्ह दाबली आणि ओढली. तार स्लीव्हपासून हातभर लांब तुटली. एकेक करून तुटल्या, मधली शेवटी. काका माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत.

सुतळीची लेबलं बंद. क्रमांक ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना लावलेत, आणि ज्या दोन नावांत घोळ होतो ती अक्षरांऐवजी शब्दांत. ‘डबल ए’, ‘ट्रिपल ए’, असं. पट्ट्या काकांनीच ठोकल्या. ८ नंबरच्या पट्टीवर ‘एसीएआर’च्या खाली बारीक अक्षरात ‘मधली बघा’ असंही ठोकलंय. काढायला सांगितलं नाही.